टीटीऐवजी टीडी द्या, आणि पोरं गावात असताना द्या : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : घटसर्प आणि धनुर्वाताच्या बूस्टर लसीकडे होणारं दुर्लक्ष

महोदय,

स. न. वि. वि.

यंदाही आमच्या शाळेत टीडी लसीचं, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींवरच्या बूस्टरचं, सत्र डिसेंबरात ठेवलंय, असा निरोप आला. डिसेंबरात आमच्या गावात पोरं नसतात. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ऊसतोड कामगारांच्या गावात पाचवी ते दहावीला विज्ञान शिकवते. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या लागतात. दिवाळीपर्यंत निम्मं गाव कारखान्यांवर गेलेलं असतं आणि आई-बापांबरोबर आमची पोरंही गेलेली असतात. मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की ती परतात. ज्यांना लसीची सगळ्यात जास्त गरज तीच पोरं सत्राच्या दिवशी वर्गात नसतात, हे दरसाल घडतं आणि दरसाल सत्र झाल्याची नोंदही होते.

आरोग्य केंद्रात तोंडी सांगून झालं, तालुक्याला लेखी अर्ज देऊन झाला. 'वेळापत्रक वरून येतं' असं उत्तर मिळालं. तिथली माणसं खोटं बोलत नाहीत, वेळापत्रक खरोखर वरूनच येतं. म्हणून वरच लिहिते आहे. जाहीरपणे लिहिते आहे, कारण यातल्या काही गोष्टी पालकांनी आणि खासगी डॉक्टरांनीही वाचायला हव्यात.

माझा यात काय संबंध, तेही सांगते. माझ्या वर्गातली एक मुलगी दहावीच्या वर्षी आई-बापांबरोबर कर्नाटकातल्या एका कारखान्यावर गेली. धाकटा भाऊ सांभाळायला कोणी नव्हतं. तिथे तिला ताप आला, घसा धरला. जवळच्या डॉक्टरांनी टॉन्सिल म्हणून गोळ्या दिल्या. चार दिवसांत मान सुजून हनुवटीच्या रेषेत आली, घोट गिळेना. मोठ्या दवाखान्यात नेल्यावर घशात राखाडी पडदा दिसला आणि घटसर्प असल्याचं कळलं. त्यावरचं औषध, म्हणजे अँटिटॉक्सिन, त्या दवाखान्यात नव्हतं. दुसऱ्या शहरातून मागवेपर्यंत रात्र गेली. ती वाचली. महिन्याभराने मी तिला भेटायला गेले तेव्हा ती नाकात बोलत होती. तिने माझ्यासमोर पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि पाणी नाकातून बाहेर आलं. रोगाच्या विषाने टाळूच्या मागचा मऊ भाग लुळा पडला होता. तिच्या आईने ओढणीच्या टोकाने तिचं तोंड पुसलं आणि 'हळूहळू पी' म्हणाली. पुढे ते बरं झालं. मार्चची परीक्षा मात्र गेली.

तिच्या घरी माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवलेलं होतं. मी ते पाहिलं. बाळपणीचे डोस सगळे होते. दीड वर्षाचा बूस्टर होता. पाच वर्षांचा रकाना कोरा होता आणि दहाव्या वर्षी द्यायच्या डोसाची कुठेच नोंद नव्हती. दोन्ही वेळा ती कारखान्यावर होती.

आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. त्याच हंगामात, ती आजारी पडायच्या आधी, तिच्या वडिलांच्या पायाला कोयता लागला होता. डॉक्टरांनी टाके घातले आणि टीटीचं, म्हणजे फक्त धनुर्वाताचं, इंजेक्शन दिलं. त्या इंजेक्शनात घटसर्पाविरुद्धचा भाग नसतो. सरकारी कार्यक्रमातून टीटी २०१९ साली काढली आणि तिच्या जागी टीडी आणली, ज्यात धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींपासून संरक्षण आहे. खासगी दवाखान्यांत आणि औषध दुकानांत आजही टीटीच चालते. कामगाराला सुई टोचली गेली, त्याने पैसे मोजले आणि अर्धंच संरक्षण घेऊन तो कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, परतला.

बूस्टर म्हणजे काय, याबद्दल आमच्या भागात बराच गैरसमज आहे. 'लहानपणी सगळे डोस झालेत, आता कशाला' असं पालक म्हणतात, आणि त्यांना तसं वाटण्यात नवल नाही, कारण त्यांना कोणी समजावूनच सांगितलेलं नाही. म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

घटसर्पाचा जंतू घशात वाढतो, पण जीव घेतं ते त्याने सोडलेलं विष. ते रक्तातून हृदयाच्या स्नायूंपर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोचतं. घसा बरा वाटू लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हृदय बंद पडून मूल गेल्याची उदाहरणं वैद्यकाच्या पुस्तकांत सापडतात. उपचार मिळूनही साधारण दहातला एक रुग्ण दगावतो. उपचार न मिळाल्यास हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. शंभर वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये, फ्रान्समधल्या गास्तों रामों यांनी या विषावर फॉर्मलिन आणि उष्णतेची प्रक्रिया करून त्याची मारकता काढली, पण ओळख तशीच ठेवली. त्याला टॉक्सॉइड म्हणतात. आजची लस त्याच तत्त्वावर आहे. शरीराला निर्विष केलेलं विष दाखवायचं, म्हणजे खरं आलं तर ते अडवणारी प्रतिपिंडं रक्तात तयार असतील.

ही प्रतिपिंडं जन्मभर पुरत नाहीत. वर्षं जातील तशी ती घटत जातात. पाढे दुसरीत पाठ झाले तरी उजळणी नसली की सहावीत पोरं सतरा सक्कं ला अडतात, तसंच हे आहे. पुन्हा एकदा म्हणून घेतले की लगेच आठवतात, कारण मुळात शिकलेले असतात. बूस्टरचा डोस मिळाला की शरीरातल्या आठवण धरून बसलेल्या पेशी काही दिवसांतच भरपूर प्रतिपिंडं तयार करतात, पहिल्या डोसापेक्षा कितीतरी जास्त आणि जास्त काळ टिकणारी. कोणी विचारेल, आठवण आहेच तर रोग आल्यावर शरीर आपोआप जागं होईल की. होतं, पण घटसर्पाचं विष तेवढा वेळ देत नाही. प्रतिपिंडं रक्तात आधीपासून असावी लागतात.

म्हणूनच राष्ट्रीय वेळापत्रकात बाळपणीच्या तीन डोसांनंतर १६ ते २४ महिन्यांत एक बूस्टर, ५ ते ६ वर्षांत दुसरा, मग १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी असे टप्पे आहेत. वेळापत्रक उत्तम आहे. माझी तक्रार त्याच्या अंमलबजावणीबद्दल आहे.

काही लसी मात्र वेगळ्या कारणाने नव्या कराव्या लागतात. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते प्रकार घ्यावेत ते सांगते. कोरोनाचंही तसंच झालं. ओमायक्रॉन आल्यावर जुन्या लसीने गंभीर आजार बराचसा रोखला, पण संसर्ग रोखण्याची तिची ताकद घटली, म्हणून नव्या रूपाशी जुळणाऱ्या लसी आल्या. आपल्या पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीने ओमायक्रॉनसाठीची एमआरएनए लस तयार केली आणि जून २०२३ मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. हे विज्ञान आपल्या राज्यात आहे, लस बनवणारे जगातले मोठे कारखाने आपल्या राज्यात आहेत. घटसर्पाचं विष मात्र शंभर वर्षांत असं बदललेलं नाही की जुनी लस निकामी व्हावी. इथे विषाणूमागे धावायची गरजच नाही. ठरलेला डोस ठरलेल्या वयात दंडात पोचवणं एवढंच काम आहे.

टीटीबद्दल वाईट बोलायचं नाही. गरोदर बायांना टीटी देऊन आणि बाळंतपणं दवाखान्यात करून आपण नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आणला. २०१५ मध्ये भारतात माता आणि नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जागतिक पातळीवर मान्य झालं. माझ्या आजीच्या पिढीत सटवाईच्या पूजेपर्यंत बाळ जगेल का, ही धास्ती असे. ती धास्ती घालवण्यात या इंजेक्शनाचा मोठा वाटा आहे. त्याच यशामुळे 'लागलं की टीटी' ही सवय डॉक्टर, कंपाउंडर आणि रुग्ण या तिघांच्याही अंगवळणी पडली. पण गरोदर बाया सोडल्या तर मोठ्या माणसाला घटसर्पाचा बूस्टर मिळण्याची दुसरी कुठलीच संधी आपल्याकडे नाही. ऊसतोड कामगार आपण होऊन लस घ्यायला कधी जाणार? तो दवाखान्याची पायरी चढतो ती कोयता लागल्यावर, खिळा घुसल्यावर, बैलाने शिंग मारल्यावर. त्या एका सुईत दोन्ही संरक्षणं देता येत असताना आपण एकच देतो. टीडीतला घटसर्पाचा अंश मुद्दामच कमी ठेवलेला असतो, कारण मोठ्यांना पूर्ण मात्रा दिली तर दंड जास्त सुजतो. म्हणजे मोठ्या माणसाचा विचार करूनच ती बनवलेली आहे. दंड दुखणं, किंचित ताप, एवढाच बहुतेकांचा त्रास.

जुन्या काळातला रोग म्हणून हा विषय बाजूला सारला जातो, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. २०१८ मध्ये जगभरातून घटसर्पाचे १६ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतले ८ हजारांहून अधिक, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त, एकट्या भारतातले होते. त्याच वर्षी दिल्लीत सप्टेंबर महिन्यात वीसहून अधिक मुलं या रोगाने गेली आणि अँटिटॉक्सिनचा तुटवडा देशभर चर्चेत आला. पूर्वी हा रोग पाच वर्षांखालच्या बाळांचा मानला जाई. आता भारतात शाळकरी मुलं आणि मोठी माणसंही त्यात सापडतात, कारण बाळपणीचे डोस बऱ्यापैकी पोचले पण पुढचे बूस्टर गळाले.

मोठ्यांना बूस्टर न दिल्याने काय होतं याचं मोठं उदाहरण जगाने पाहिलं आहे. सोव्हिएत संघ फुटला त्या सुमारास, १९९० च्या दशकात, रशिया, युक्रेन आणि आजूबाजूच्या देशांत घटसर्पाची साथ पसरली. दीड लाखाहून अधिक माणसं आजारी पडली, हजारो मेली. लसीकरणाची ओळख नसलेला हा प्रदेश नव्हता. दशकानुदशकं तिथे लस दिली जात होती. पण मोठ्यांची प्रतिकारशक्ती ओसरलेली होती, मुलांना क्षुल्लक कारणांवरून लस नाकारली जात होती, आणि राजकीय उलथापालथीत माणसांचे लोंढे इकडून तिकडे जात होते. रुग्णांत मोठ्यांचं प्रमाण फार होतं. मुलांबरोबर मोठ्यांनाही मोहीम काढून लस दिली तेव्हाच साथ आटोक्यात आली. माणसांचे लोंढे, दाटीवाटीची राहणी, ओसरलेली प्रतिकारशक्ती ही तिन्ही कारणं वाचताना मला कारखान्याच्या तळावर खेटून उभ्या असलेल्या कोपी दिसतात. एका कोपीत पाच-सहा माणसं झोपतात. चार पावलांवर दुसरी कोपी. घटसर्प खोकल्या-शिंकल्यातून पसरतो.

आता तक्रारी एकेक करून.

पहिली वेळापत्रकाची, ती वर मांडलीच. पाचवीची आणि दहावीची मुलं जून ते सप्टेंबर शाळेत असतात. पाऊसपाणी, पेरण्या, सगळं असतं तरी पोरं गावातच असतात. पुढे डिसेंबरात पथक येतं तेव्हा आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं तेवढी भेटतात. राहिलेल्यांसाठी फेरसत्र ठेवा, असं मी म्हटलं तर 'ती आली की केंद्रावर पाठवा' असं सांगितलं जातं. ती येतात ऐन एप्रिलात. मग परीक्षा आणि सुट्टी लागते. जूनमध्ये मूल पुढच्या इयत्तेत गेलेलं असतं आणि यादीतून त्याचं नाव गळलेलं असतं. वय दहाचं अकरा झालं म्हणून लसीची गरज संपत नाही, पण यादी संपते.

सोळाव्या वर्षाचा डोस तर आमच्याकडे जवळपास नावालाच आहे. त्या वयात कितीतरी मुलांनी शाळा सोडलेली असते. पोरगं बापाबरोबर कोयता धरतं, पोरीचं लग्न ठरतं. शाळेत न येणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलापर्यंत पोचायची कोणती यंत्रणा आहे, हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. मुलीला निदान पुढे गरोदरपणात टीडी मिळते. मुलाला काहीच नाही.

नोंदींची गोष्ट. कार्ड पत्र्याच्या पेटीत, पेटी गावात, मूल कारखान्यावर. तिथल्या सिस्टरने विचारलं तर आई सांगते, 'झालेत सगळे.' यू-विन या सरकारी लसीकरण नोंदीच्या पोर्टलवर मुलांची नोंद होऊ लागली, हे चांगलं झालं. पण मोठ्या मुलांच्या जुन्या नोंदी त्यावर कोणी चढवायच्या? आणि मोठ्यांना जखमेनंतर दिलेल्या इंजेक्शनाची नोंद तर कुठेच होत नाही. त्यामुळे एकाच कामगाराला तीन वर्षांत तीनदा टोचलं जातं आणि त्याच्या शेजाऱ्याला वीस वर्षांत एकदाही नाही. साध्या स्वच्छ जखमेला मागचा डोस दहा वर्षांच्या आतला असेल आणि मळलेल्या जखमेला पाच वर्षांच्या आतला असेल, तर पुन्हा टोचायची गरज नसते. तारीख लिहिलेला एक चिठोरा जवळ असता तरी डॉक्टरांना ठरवता आलं असतं.

माझ्या विद्यार्थिनीला घटसर्प झाल्यावर तिच्या घरच्यांबरोबरच्या ऊसतोड टोळीचं काय झालं, हा प्रश्नही मला सतावतो. एक रुग्ण सापडला की त्याच्या निकट राहिलेल्या सगळ्यांची तपासणी करायची, प्रतिजैविक द्यायचं, बूस्टर द्यायचा, असा नियम आहे. तिच्या आई-वडिलांना गोळ्या मिळाल्या. बाकी टोळी तोवर दुसऱ्या फडात गेली होती. ते कर्नाटकात, गाव महाराष्ट्रात. कोणी कोणाला कळवायचं, हे ठरलेलंच नव्हतं. आमच्या गावच्या आशाताईंना ही बातमी माझ्याकडून कळली.

अँटिटॉक्सिनबद्दल थोडकंच लिहिते, पण हा मुद्दा जीवन-मरणाचा आहे. ते घोड्यांच्या रक्तापासून तयार होतं, थोडंच बनतं, आणि रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या विषालाच थोपवतं. पेशींत शिरलेल्या विषावर त्याचा इलाज चालत नाही. म्हणून प्रत्येक दिवसाच्या उशिराची किंमत मोजावी लागते. ते कोणत्या रुग्णालयात आहे हे रुग्ण दारात आल्यावर फोन करकरून शोधायची वेळ कोणावर येऊ नये.

मोठ्यांसाठी कार्यक्रम राबवणं अवघड आहे, असं म्हटलं जाईल. याच देशाने १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस १८ वर्षांवरच्या सगळ्यांना कोरोनाचा खबरदारीचा डोस सरकारी केंद्रांवर मोफत दिला. आमच्या गावच्या समाजमंदिरात तेव्हा टेबल मांडलं होतं, नोंद मोबाइलवर होत होती, प्रमाणपत्र हातात पडत होतं. तेव्हा जमलेलं आता जमवायचं आहे, आणि टीडी लस तर सरकारी साखळीत आधीपासून आहे.

शहरातल्या मुलांची परिस्थिती पाहिली की फरक आणखी बोचतो. तिथे बालरोगतज्ज्ञ दहा-बारा वर्षांच्या मुलाला टीडॅप देतात. त्यात घटसर्प आणि धनुर्वाताबरोबर डांग्या खोकल्यापासूनही संरक्षण असतं. ती लस विकत घ्यावी लागते. आमची मागणी तेवढीही नाही. जे आमच्या पोरांच्या नावाने आधीच मंजूर आहे, ते त्यांच्यापर्यंत पोचवा एवढंच म्हणणं आहे.

आमच्या मागण्या अशा :

१. ऊसतोड कामगारांच्या तालुक्यांत, म्हणजे बीडसह जिथून जिथून टोळ्या जातात तिथे, शाळांमधली टीडी सत्रं जुलै-ऑगस्टात घ्यावीत. यंदाचं डिसेंबरचं सत्र अलीकडे ओढून दसऱ्याच्या आधी घ्यावं. परतलेल्या मुलांसाठी एप्रिलात फेरसत्र ठेवावं. दोन्हींचा दिवस शाळेला किमान आठवडाभर आधी कळवावा, म्हणजे आम्हाला पालकसभा घेऊन शंका मिटवता येतील. आदल्या संध्याकाळी निरोप आला की पालक घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी पोरालाच शाळेत पाठवत नाहीत.

२. पाच, दहा आणि सोळा या वयांचा डोस चुकलेल्या मुलांची यादी इयत्तेवर न ठेवता नावावर ठेवावी. डोस मिळेपर्यंत नाव यादीत राहावं. शाळाबाह्य मुलांची यादी आशाताई आणि शिक्षकांनी मिळून करावी, आणि त्या कामाचा मोबदला आशाताईंना वेळेवर द्यावा.

३. हंगामात साखर कारखान्यांच्या तळांवर लसीकरण सत्रं लावावीत. गाळप सुरू झाल्यावर टोळ्या कुठे उतरल्या आहेत याची माहिती कारखान्यांकडे असतेच. तिथे बाळांबरोबर मोठ्या मुलांना आणि इच्छुक कामगारांनाही टीडी मिळावी.

४. राज्यातल्या सगळ्या सरकारी आणि निमसरकारी दवाखान्यांत जखमेनंतर टीडीच दिली जाते की नाही, याची तपासणी करावी. खासगी डॉक्टरांसाठी विभागाने महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेमार्फत स्पष्ट सूचना काढावी : टीटीच्या जागी टीडी वापरा. औषध दुकानांत टीडी सहज मिळेल, हे अन्न व औषध प्रशासनाने पाहावं. एकट्या टीटीचं उत्पादन थांबवण्याचा अधिकार केंद्राकडे आहे, तर राज्याने केंद्राकडे तशी लेखी मागणी करावी आणि ती जनतेपुढे ठेवावी.

५. जखमेनंतर टीडी दिलेल्या प्रत्येक माणसाला तारखेसह लहान कार्ड मिळावं. यू-विनवर मोठ्यांच्या नोंदीची सोय होईल तेव्हा होईल, तोवर कागद चालेल.

६. घटसर्पाचं अँटिटॉक्सिन राज्यात कुठे ठेवलं आहे याची माहिती प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि १०८ च्या नियंत्रण कक्षात असावी. साठा संपत आला की भरण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर असावी. मराठवाड्यात निदान एका ठिकाणी तो कायम असावा.

७. शेजारच्या राज्यांशी, आधी कर्नाटकाशी, लेखी व्यवस्था करावी : स्थलांतरित कामगारांत घटसर्पाचा संशयित रुग्ण सापडला तर त्याच्या मूळ गावच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवलं जाईल, आणि टोळी जिथे गेली असेल तिथे निकट संपर्कातल्यांना औषध आणि बूस्टर मिळेल.

८. दर दहा वर्षांनी मोठ्यांना टीडीचा एक डोस सरकारी केंद्रावर मोफत मिळावा. सगळ्यांना लगेच शक्य नसेल, तर सुरुवात ऊसतोड, वीटभट्टी आणि बांधकाम कामगारांपासून करा, आणि आरोग्य केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांपासूनही.

पालकांना इथेच दोन शब्द. आपल्या मुलाचं कार्ड काढून पाच, दहा आणि सोळा वर्षांपुढे तारीख आहे का बघा. नसेल तर वय उलटून गेलं असं समजू नका. उपकेंद्रात सिस्टरना विचारा, राहिलेला डोस कसा द्यायचा ते त्या सांगतील. कारखान्यावर जाताना कार्ड बरोबर न्या, निदान मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. आणि डॉक्टरसाहेबांनो, तुमच्याकडे कोयता लागून येणारा माणूस पुढच्या दहा वर्षांत दुसऱ्या कोणाकडे लस घ्यायला जाईल, याची खात्री नाही. त्याला टीडी द्या आणि तारीख लिहून द्या.

मंत्रिमहोदय, या मागण्यांपैकी पहिलीला आणि पाचवीला नव्या पैशाची फारशी गरज नाही. पहिलीसाठी एक परिपत्रक पुरेसं आहे. यंदाचा गाळप हंगाम जवळ आला आहे आणि आमच्या गावात मुकादमांच्या उचलीचे, म्हणजे आगाऊ पैशांचे, व्यवहार सुरू झाले आहेत. सत्राची तारीख बदलली का, हे दसऱ्याच्या आधी आम्हाला कळावं. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवण्याऐवजी विभागाने ते जाहीर करावं, कारण हा प्रश्न आमच्या एकट्या शाळेचा नाही.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक माध्यमिक शिक्षिका